कुत्र्याला तेल पाजायचं की लावायचं? वाचकांचे प्रश्न, गुरांच्या डॉक्टरची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो होतो की कुत्र्याच्या जेवणात थोडं तेल असलं तर केसांना बरं असतं. झालं, या महिन्यात आलेली निम्मी पत्रं तेलावरच. कुणी खोबरेल पाजतंय, कुणी करंजेल चोळतंय, आणि एकाने तर जे लावलंय ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला, ते पुढे येईलच. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण सहा-सात पत्रं अशी आहेत की त्यात बाकीच्यांचंही काम होईल.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमचा टायगर लॅब्रॅडॉर आहे, साडेचार वर्षांचा, वजन ३४ किलो. कलमांच्या बागेत राखणीला असतो. गेल्या हिवाळ्यापासून केस राठ झालेत, पाठीवर हात फिरवला की कोंडा पडतो, काळ्या बनियनवर तर पीठ सांडल्यासारखा दिसतो. सकाळी ताकभात, रात्री भाकरी-आमटी, रविवारी कोंबडी असं जेवण. सासूबाईंनी सांगितलं म्हणून दोन महिने रोज दोन मोठे चमचे घाण्याचं खोबरेल जेवणात घालतेय. कोंडा आहे तसाच, उलट टायगर सुटलाय. मेडिकलवाला म्हणतो फिश ऑइलच्या कॅप्सूल द्या. देऊ का? — एक ताई, देवगड

उत्तर: ताई, सासूबाईंना दोष देऊ नका, आपल्याकडे डोकं दुखलं तरी खोबरेल आणि दार करकरलं तरी खोबरेल. पण कुत्र्याच्या कातडीला जे हवं असतं ते खोबरेलात जवळजवळ नसतंच. कातडीच्या वरच्या थरातून पाणी उडून जाऊ नये म्हणून शरीर तिथे एक स्निग्ध लेप तयार करतं, कौलांच्या फटी बुजवाव्यात तसा, आणि त्या लेपाला लिनोलेइक अ‍ॅसिड लागतं. हे ओमेगा-६ मधलं. कुत्र्याच्या शरीरात ते तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. खोबरेलात ते कसंबसं २ टक्के, आणि साध्या सूर्यफुलाच्या तेलात ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन महिने तुम्ही जे घातलंत त्यातून टायगरला मिळाल्या त्या फक्त कॅलरीज. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २४० कॅलरी, दोन-अडीच पोळ्या रोज जास्तीच्या खाल्ल्यासारखं. मग सुटणार नाही तर काय. लॅब्रॅडॉर तर नुसत्या वासानेही जाड होतो असं मी गमतीत म्हणतो.

तेलाच्या आधी ताटाकडे बघा. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच असतं आणि ताकभात-भाकरीत ते फार कमी. आठवड्यातून एकदा कोंबडी मिळणाऱ्या ३४ किलोच्या कुत्र्याचं शरीर जे काही प्रोटीन येतं ते आधी हृदय, स्नायू, रक्त यांना वाटतं, केसांची पाळी शेवटी येते. त्यामुळे पहिलं काम, रोज एक-दोन उकडलेली अंडी किंवा कोंबडी किंवा मासे, आणि त्या प्रमाणात भात-भाकरी कमी. आणि आमटी बंद, कारण आमटीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, थोडा थोडा रोज गेला तरी.

मग तेल. खोबरेल बंद करून रोज एक छोटा चमचा, पोह्यांचा नव्हे, चहाचा, सूर्यफूल किंवा करडईचं तेल रात्रीच्या जेवणात कालवा. ते कच्चंच घाला, तळणीतलं उरलेलं नको. आठवडाभर शी नीट राहिली तर दोन चमचे. त्यापुढे जाऊ नका.

आता मेडिकलवाल्याच्या कॅप्सूल. माशाच्या तेलात असतं ते ओमेगा-३, त्यातले ईपीए आणि डीएचए हे दोन कामाचे. ते प्रामुख्याने खाज आणि सूज कमी करायला मदत करतात, चकाकीही येते. पण पाकिटावर मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन असतं हो, मागे बारीक अक्षरात बघा, नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० असं मिळून ३०० मिग्रॅच निघतं. टायगरच्या वजनाला नुसत्या केसांसाठी अशा तीन कॅप्सूलपर्यंत चालेल, पण पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, असं. घाई केली की काय होतं ते मी स्वतःच्या घरी बघितलंय. मिरकरवाड्याच्या बंदरावरनं आणलेली आमची कुत्री, तिचं नाव आम्ही तारली ठेवलंय, तिला मी एकदा नवीन बाटली आली या उत्साहात पहिल्याच दिवशी पूर्ण डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता बादली आणि खराटा घेऊन मी पडवीत. घरची मंडळी अजून त्यावरून बोलतात. ज्या कुत्र्याला आधी स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलाय त्याला तर कुठलंही जास्तीचं तेल स्वतःच्या मनाने द्यायचंच नाही.

आणि कॅप्सूलच घ्यायच्या असतील तर साध्या घ्या. चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या गमी असतात त्या नको, कारण साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

पण ताई, तुम्ही देवगडात राहून कॅप्सूलचे पैसे का घालवताय? तारली मासळी घ्या. पाऊस सरल्यावर जी तारली येते ती चरबीने इतकी भरलेली असते की तव्यावर वेगळं तेल टाकावं लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोकं-आतडी काढून, मीठ-मसाला काही न घालता कुकरला लावा, पाच-सहा शिट्ट्या, मग मधला काटा बोटांत धरून चुरडून बघा. पिठासारखा चुरला तर तसाच द्या, टोचला तर परत लावा. टायगरला एका वेळी दोन-तीन, आठवड्यातून तीनदा. कुकरमधलं तवंग आलेलं पाणी फेकू नका, तेच तर औषध, ते भातावर ओता. बांगडा चालतो, पण त्याचा काटा काढून. कच्चा मासा नको, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं आणि ते शिजवल्यावर निकामी होतं. मासे ज्या दिवशी, त्या दिवशी कॅप्सूल नको. खारवलेला सुका बांगडा तर अजिबात नको, मीठ केवढं असतं त्यात.

एक मात्र करा, हे सगळं सुरू करायच्या आधी. टायगरला पांढऱ्या ओल्या कागदावर किंवा जुन्या ओल्या धोतरावर उभा करून बारीक फणीने शेपटीच्या मुळाकडचे केस विंचरा. खाली जे काळे कण पडतील ते ओल्यावर तांबूस विरघळायला लागले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग तुमचा प्रश्न तेलाचा नाहीच, पिसवांचा आहे. कोंडा कोरडाच राहिला, खाज नसली, तर तेल-अंडी करून आठ ते बारा आठवडे थांबा, त्याच्या आत निकाल मागू नका. नवीन केस उगवून वर यायला वेळ लागतो. तीन महिन्यांनीही तसाच असला, वजन उतरत नसलं, दिवसभर सुस्त पडून राहत असला, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, या वयाच्या लॅब्रॅडॉरमध्ये ते बघावंच लागतं.

प्रश्न: डॉक्टरांनू, आमच्या काळूक पावसात अंगाक इतको वास येता की पडवेत बसाक होणा नाय. आंघोळ घातलंय, करंजेल लावलंय, खोबरेल लावलंय, तो सगळा चाटून संपयता. पाय चाटता, कान हलयता. माशाचा तेल पोटात दिल्यार वास जायत काय? — एक वाचक, मालवण

उत्तर: दादा, नाय जावचो. पत्र वाचूनच मला तो वास आला, शिळ्या तेलाचा, आंबूस. जून ते सप्टेंबर माझ्या दवाखान्यात रोज येतो. ती मॅलेसेझिया नावाची यीस्ट असण्याची शक्यता जास्त आहे. ती प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर थोडी असतेच, पण आपल्या पावसात केस दिवसचे दिवस सुकत नाहीत, कातडी आधीच चिडलेली असते, आणि मग ती माजते. बोटांच्या मध्ये, कानात, गळ्याखाली, जांघेत. पायाच्या बोटांमधले पांढरे केस गंजल्यासारखे तांबूस झालेत का बघा, ते चाटण्याने होतं. आता गंमत अशी की ही यीस्ट स्निग्धांशावरच पोसते आणि तुम्ही वरनं खोबरेल चोळताय, म्हणजे तिला पंगत वाढताय.

वरचं तेल सगळं बंद. डॉक्टरांकडून कानातलं किंवा कातडीवरचं थोडं काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. यीस्ट निघाली तर क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा. फेस करून घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा, हे कोणी करत नाही, सगळे लावला की लगेच पाणी ओततात आणि मग शांपू बेकार म्हणतात. दहा मिनिटं काळूला धरून बसा, गप्पा मारा त्याच्याशी. नंतर बोटांच्या मधूनही कोरडा पुसा. आपला अंगाचा साबण वापरू नका, आपली कातडी आंबट बाजूची आणि कुत्र्याची त्या मानाने न्यूट्रल, तो साबण त्याला मानवत नाही.

पोटातलं माशाचं तेल नंतरचं. यीस्ट परत परत येत असेल तर खाली बहुतेक अ‍ॅलर्जी असते आणि अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्यात ओमेगा-३ चा थोडा आधार मिळतो, खाजेच्या गोळ्या कधी कधी कमी डोसवर भागतात. पण त्यालाही दोन महिने लागतात आणि त्याचा डोस नुसत्या चकाकीच्या डोसापेक्षा मोठा असतो, तो काळूला बघणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचा.

प्रश्न: सर, मुलासाठी आणलेलं कॉड लिव्हर ऑइल घरात पडून आहे. शिवाय आमचे बाबा मुशीचं काळीज उकळून तेल काढतात, पूर्वी होडीला लावायचे. दोन्ही माशाचंच तेल ना? कुत्रीला दिलं तर चालेल? ती पॅकेटचं डॉगफूड खाते. — गुहागर

उत्तर: नाही. यात फार लोक फसतात. माशाच्या मांसातलं तेल वेगळं आणि काळजाचं तेल वेगळं. काळजाच्या तेलात ए आणि डी जीवनसत्त्वं ठासून भरलेली असतात आणि ही दोन्ही लघवीवाटे निघून जात नाहीत, अंगात साठतात. पॅकेटच्या खाण्यात ती आधीच मोजून घातलेली असतात. वर तुम्ही रोज चमचा दिलात तर डी जास्त होऊन रक्तातलं कॅल्शियम चढतं, किडनी जाते, आणि ए जास्त होऊन सांधे-हाडं धरतात. बाटलीतल्या तेलाचं निदान लेबल तरी वाचता येतं, मुशीच्या काळजातून घरी काढलेल्या तेलात किती काय आहे ते कोण सांगणार? बाबांना म्हणावं होडीलाच लावा, तिथे ते झकास आहे. लेबलवर 'लिव्हर' शब्द दिसला की बाटली खाली ठेवायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

प्रश्न: डॉक्टर, वाडीतल्या कुत्र्याला लूत लागलीय, अर्धे केस गेलेत. एका बोटीवरच्या माणसाने सांगितलं म्हणून इंजिनचं जळकं ऑइल दोनदा चोळलं. एकजण म्हणतो काजूच्या टरफलाचं तेल लाव. आता ते कुत्रं जेवत नाही. तेलाचा काही पोटातून उपाय? — राजापूर तालुका

उत्तर: हेच ते पत्र. भाऊ, हा अंक हातात पडेपर्यंत वेळ गेलेला असेल म्हणून तुम्हाला मी आधीच निरोप पाठवलाय, पण बाकीच्यांसाठी लिहितो. जळकं ऑइल लावल्यावर लुतीचे किडे काही वेळा मरतातही, त्यामुळेच हा उपाय गावोगाव टिकून आहे, पण त्यात पेट्रोलियम आणि इंजिन झिजून आलेले जड धातू असतात, ते कातडी भाजतात, आणि कुत्रं अंग चाटणारच, ते पोटात जातं. मग उलट्या, जेवण बंद, लिव्हर-किडनीवर परिणाम. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक कुत्रं पोत्यात घालून आणलं होतं, अंगाला हात लावला तर काळा चिकट थर, आणि त्याखाली कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटत होती. वाचलं ते, पण दीड महिना गेला.

काजूच्या टरफलाच्या तेलाने माणसाच्या हाताला फोड येतात, कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना विचारा. ते उघड्या कातडीवर?

अंगावर ऑइल असेल तर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, दोन-तीनदा, हातात मोजे घालून. रॉकेलने पुसू नका. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, ते ऑइल फुफ्फुसात गेलं तर आणखी वाईट. आणि दवाखाना गाठा.

लुतीला आता साधे उपाय आहेत. आधी कोणती लूत ते बघायचं. कानाची कड अंगठा आणि बोटात धरून चोळा, मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर बहुधा खरजेची, ती माणसांनाही काही दिवस त्रास देते. डॉक्टर कातडी खरवडून नक्की सांगतील. गोचिडींसाठी तोंडातून द्यायच्या ज्या गोळ्या मिळतात त्यातल्या बऱ्याच लुतीवरही चालतात, वजनावर द्यायच्या. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन कुणी परस्पर टोचत असेल तर टोचू देऊ नका, कॉली जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं आणि वाडीतल्या कुत्र्याची वंशावळ कुणाकडे असते? सूर्यफुलाचं तेल, अंडं, मासे हे सगळं केस परत यायला उपयोगी पडेल, पण लूत गेल्यावर.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. जवसाचं तेल दिलं तर माशाच्या तेलाचं काम होईल ना? — चिपळूण

उत्तर: थोडंफार. जवसात ओमेगा-३ असतं पण ते कच्च्या स्वरूपाचं, त्यापासून ईपीए-डीएचए तयार करणं कुत्र्याला फारसं जमत नाही. केसांच्या चकाकीसाठी जवस चालेल, खाजेसाठी त्यावर विसंबू नका. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात, मासेही शेवटी तिथूनच ते मिळवतात, त्या तुमच्या घरात चालतील. महाग आहेत. आणि तुम्ही शाकाहारी आहात, कुत्रं नाही, निदान अंडं तरी द्या हो त्याला.

प्रश्न: कुत्रीचं ऑपरेशन, पिल्लं न होण्याचं, पुढच्या महिन्यात आहे. फिश ऑइल चालू आहे. थांबवू का? आणि बाटली किती दिवस टिकते? — रत्नागिरी

उत्तर: ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा. माशाच्या तेलाने रक्त गोठायला किंचित वेळ लागू शकतो, जखम भरायलाही. बरेच जण काही दिवस आधी बंद करायला सांगतात. टाके निघाले की परत सुरू.

बाटलीचं म्हणाल तर हे तेल हवेने, उजेडाने आणि उष्णतेने खवट होतं, आणि आपल्याकडे तिन्हीचा सुकाळ. लहान बाटली घ्या, गडद रंगाची, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, आणि फोडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवा. आमच्याकडे पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा मी बाटलीपेक्षा कॅप्सूल बऱ्या मानतो. कॅप्सूलचाही संशय आला तर एक फोडून हुंगा. माशाचा वास यायलाच हवा, पण ऑइलपेंटसारखा वास आला तर सरळ फेका. खवट तेल देण्यापेक्षा न दिलेलं बरं, ते अंगातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. म्हणूनच रोज माशाचं तेल देणार असाल तर ई घातलेलं घ्या, लेबलवर टोकोफेरॉल असं लिहिलेलं असतं.

प्रश्न: आम्ही तुमच्या सांगण्यावरून गेल्या वर्षीपासून तारलीच देतो, फरक चांगला आहे. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काय? — हर्णै

उत्तर: तेवढे दोन महिने कॅप्सूल. किंवा मे महिन्यात स्वस्त मिळाली की तारली उकडून, एकेका वेळेची वेगवेगळी पिशवी करून डीप फ्रीजरला टाका, आम्ही तसंच करतो. फक्त पिशवीवर 'कुत्रीचं' असं मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे मागच्या वर्षी पाहुण्यांनी त्याचं सुकं केलं आणि मीठ कमी आहे म्हणाले.